आगीतून निघालेली बंदूक: वापरता येईल का, हे कसं ठरवायचं

घराला किंवा गोदामाला आग लागून गेली की काही दिवसांत हा प्रश्न येतोच. बंदूक राखेतून काढली, पुसली. बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा सरकता दांडा) मागेपुढे होतोय, चाप ओढला की घोडा पडतोय, नळीतून पलीकडचं दिसतंय. आता नवा दस्ता बसवून, ब्लूइंग (पोलादावरचा काळसर-निळा थर) करून घेतलं तर चालेल ना? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘हो’ ऐकायचं असतं, कारण ती बंदूक वडिलांची किंवा आजोबांची असते, आणि घरातलं बाकी सगळं जळून गेल्यावर तेवढीच वस्तू हाताला लागलेली असते. हे दुःख खरं आहे. पण उत्तर त्या दुःखाकडे बघून देता येत नाही.

बंदूक चालते का, हे हाताने तपासता येतं. ती झाडताना तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटणार नाही ना, हे हाताने तपासता येत नाही. .३०८ विंचेस्टर काडतुसाचा कमाल दाब ४१५० बार ठरवलेला आहे, ९ मिमी लुगरचा २३५० बार. शॉटगनच्या १२ बोअरच्या साध्या काडतुसाचा ७४० बार, म्हणजे त्या मानाने कमी, पण तिची नळीही पातळ असते. हा दाब पेलण्याची ताकद पोलादाला मिळते ती त्याला कारखान्यात दिलेल्या पाण्यामुळे: ठरावीक तापमानाला तापवणं, झटकन थंड करणं आणि पुन्हा ठरावीक तापमानाला परतवणं. आगीने ते पाणी उतरवलं तर भागाचा आकार तोच राहतो, मापं तीच राहतात, चकाकीही परत आणता येते. ताकद मात्र गेलेली असते.

म्हणून ‘बंदूक किती खराब दिसते’ हे सोडून एकच गोष्ट शोधायची: या बंदुकीच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाने जास्तीत जास्त किती तापमान पाहिलं? ते कमी होतं हे पुराव्याने सांगता आलं, तर बंदूक वाचते. सांगता आलं नाही, तर ती झाडायची नाही. पुढचं सगळं हा पुरावा गोळा करण्याबद्दल आहे.

त्याआधी: ती भरलेली आहे असंच धरा

नायट्रोसेल्युलोजची दारू साधारण १७० अंश सेल्सियसला आपोआप पेट घेते. आगीत सुटं पडलेलं काडतूस फुटतं तेव्हा त्याला चारही बाजूंनी आधार नसतो; पितळ फाटतं, तुकडे उडतात, पण गोळीला बंदुकीतून सुटते तसा वेग मिळत नाही. चेंबरमधल्या, म्हणजे झाडण्यासाठी नळीच्या मागच्या टोकात चढवलेल्या, काडतुसाचं तसं नाही. ते पेटलं तर बंदूक झाडल्यासारखीच गोळी सुटते. मॅगझिनमध्ये, विशेषतः नळीच्या आकाराच्या मॅगझिनमध्ये, काही काडतुसं फुटलेली आणि काही न फुटलेली अशी अडकून राहू शकतात, आणि धोका त्या न फुटलेल्यांचा असतो.

काजळीने किंवा गंजाने बोल्ट अडकला असेल तर हातोडीने ठोकू नका. नळीच्या तोंडाकडून सळई घालून आतलं काही ढकलायला जाऊ नका. ‘रिकामी आहे का बघू’ म्हणून चाप ओढणं तर अजिबातच नको. तोंड सुरक्षित दिशेला ठेवा आणि उघडत नसेल तर परवानाधारक कारागिराला किंवा पोलिसांना बोलवा. त्या आगीत सापडलेली सगळी काडतुसं, बाहेरून कितीही कोरी दिसली तरी, बाद धरा. त्यांची दारू आणि प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) उष्णतेने कसे बदललेत हे बाहेरून कळत नाही. ती कचऱ्यातही टाकायची नाहीत. ज्या यंत्रणेकडे दारूगोळा जमा करता येतो तिच्याकडेच द्या.

आणि काहीही पुसण्याआधी फोटो काढा. बंदूक कुठे पडली होती, कुठली बाजू वर होती, शेजारी काय वितळलं होतं, काय शाबूत राहिलं होतं, अनुक्रमांक वाचता येतोय का, हे सगळं त्यात येऊ द्या. विम्यासाठी आणि परवान्याच्या नोंदीसाठी हे लागेलच. त्याहून मोठं कारण म्हणजे तापमान ठरवताना हेच फोटो सर्वात जास्त उपयोगी पडतात. साफसफाईच्या घाईत हा पुरावा सर्वात आधी नाहीसा होतो.

पहिले दोन दिवस: गंजाशी शर्यत

ज्या बंदुका उष्णतेने गेलेल्या नसतात, त्यातल्या कितीतरी नंतरच्या हलगर्जीपणाने जातात. वायरींवरचं पीव्हीसी आणि इतर प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो काजळीसोबत धातूवर बसतो, आणि आग विझवायला मारलेल्या पाण्यात विरघळून त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. कोरड्या पावडरचं अग्निशामक वापरलं असेल तर त्यातलं मोनोअमोनियम फॉस्फेटही ओलाव्यात धातू खातं. अशा थराखाली पोलादावर काही तासांत गंज चढतो आणि दोन-तीन दिवसांत खड्डे पडायला लागतात.

त्यामुळे फोटो झाले आणि बंदूक रिकामी असल्याची खात्री झाली की वाट बघायची नाही. नुसतं तेल मारलं तर काजळी आणि आम्ल तेलाखाली अडकून आपलं काम चालू ठेवतात. आधी क्षार आणि आम्ल स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन काढावं लागतं. बंदुकीवर मुद्दाम पाणी ओतायला जीव धजावत नाही हे समजतं, पण क्लोराइड पाण्यातच विरघळतो. मग लगेच कोरडं करून, पाणी हटवणारं पातळ तेल सगळीकडे, नळीत आणि फटींमध्ये मारायचं. लाकूड धातूपासून वेगळं करून ठेवायचं, कारण भिजलेला दस्ता ओलावा धरून ठेवतो आणि त्याला टेकलेला धातू आतून गंजत राहतो. हातात मोजे आणि तोंडावर चांगला मास्क असू द्या; आगीच्या काजळीत शिसं आणि बरंच काही असतं.

इथे दोन गोष्टी टाळा. वाळवण्यासाठी बंदूक ओव्हनमध्ये किंवा हीट गनसमोर धरू नका. आधीच शंका उष्णतेची आहे. आणि पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, बफिंग यांपैकी काहीही लावू नका. पोलादावर चढलेला रंग हा पुरावा आहे, तो घासून काढला की कायमचा गेला.

तापमानाचे साक्षीदार

पूर्ण पेटलेल्या खोलीत काय होतं याची कल्पना असू द्या. सगळी खोली एकदम पेट घेते त्या क्षणी छताखालचा वायूचा थर साधारण ५०० ते ६०० अंशांवर असतो. अग्निरोधकतेच्या चाचण्यांसाठी वापरला जाणारा आयएसओ ८३४ हा प्रमाणित आलेख ३० मिनिटांना ८४२ अंश आणि ६० मिनिटांना ९४५ अंश गाठतो. साध्या कार्बन पोलादाची अंतर्गत रचना ७२७ अंशांच्या आसपास मुळातून बदलू लागते. म्हणजे पूर्ण जळालेल्या खोलीत भिंतीवर टांगलेली बंदूक याच्या पलीकडे जाऊन आली असण्याची शक्यता मोठी. उलट त्याच घरात दुसऱ्या खोलीत, जमिनीलगत, बंद कपाटात असलेली बंदूक फक्त धुराने काळी पडलेली असू शकते. एकाच बंदुकीचा नळीकडचा अर्धा भाग ज्वाळेत आणि दस्त्याकडचा ढिगाऱ्याखाली, असंही होतं. म्हणून तापमान बंदुकीगणिक न ठरवता भागागणिक ठरवावं लागतं.

बंदुकीवरच आणि आसपास बरेच पदार्थ असे असतात की ते ठरावीक तापमानाला वितळतात किंवा जळतात, आणि मग खोटं बोलू शकत नाहीत. ६०-४० च्या डाखाचं (कथील-शिशाच्या सोल्डरचं) वितळणं १८३ अंशांना सुरू होतं, शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ अंशांना. जस्ताचे ओतीव मिश्रधातू ३८० ते ३९० च्या आसपास जातात. बंदुकीच्या प्लास्टिक फ्रेममध्ये वापरलं जाणारं नायलॉन, प्रकारानुसार, साधारण २२० ते २६० अंशांना वितळतं आणि त्याआधीच मऊ पडून वाकतं. लाकूड कोळसा होऊ लागण्याची सीमा अग्निशास्त्रात ३०० अंश धरतात.

दुनळी शॉटगनमध्ये दोन नळ्यांमधली पट्टी बऱ्याचदा डाखाने जोडलेली असते. पट्टी सुटली असेल, सांध्यातून डाखाचे थेंब बाहेर आले असतील, तर त्या जागी १८० अंशांच्या वर तापमान गेलं हे नक्की. डाख जसाच्या तसा असेल तर तो तितकाच भक्कम उलटा पुरावा आहे, मात्र तिथे खरोखर मऊ डाखच आहे, चांदीची किंवा पितळी झाळ नाही, हे कारागिराकडून पक्कं करून घ्या. झाळ ६०० अंशांच्या वरही टिकते. तिच्या शाबूत असण्याने काहीच सिद्ध होत नाही.

माझा सर्वात जास्त विश्वास लाकडावर आहे, आणि तोही बाहेरच्या नाही, आतल्या. दस्ता बाहेरून जळालेला दिसला की लोक बंदूक गेली म्हणतात, आणि पुसल्यावर चांगला दिसला की वाचली म्हणतात. दोन्ही घाई आहे. लाकूड उष्णतेला चांगलंच अडवतं. बोल्ट आणि रिसीव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला भाग) दस्त्यातून काढा आणि ज्या खाचेत रिसीव्हर बसतो ती बघा. धातूला टेकलेलं लाकूड काळवंडलं असेल, तर उष्णता धातूतूनच तिथवर आली, आणि रिसीव्हरने ३०० च्या आसपास तापमान पाहिलं. खाच स्वच्छ, तेलाचा जुना पिवळसर डाग तसाच, कडा करपलेल्या नाहीत, तर निदान त्या भागाबद्दल आशा धरायला जागा आहे. हेच दस्त्याच्या मागच्या रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्टीखाली, पुढच्या लाकडाच्या आत, पट्ट्याच्या कडीजवळ करा. दुर्बीण लावलेली असेल तर तिचे रबरी सील आणि आतलं वंगण हेही साक्षीदार आहेत.

पोलादावरचे रंग यानंतर येतात. उघड्या, चकचकीत कार्बन पोलादावर साधारण २२० अंशांना फिका गवती पिवळा, २५० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा आणि त्यापुढे राखाडी असा रंग चढतो. उपयोगी आहे, पण यात तीन फसगती आहेत. एक, रंग वेळेवरही अवलंबून असतो. कमी तापमानाला बराच वेळ राहिलेलं पोलाद पुढच्या रंगावर जातं. दोन, स्टेनलेस पोलादावर हेच रंग बऱ्याच जास्त तापमानाला दिसतात. तीन, ज्या भागावर आधीच ब्लूइंग आहे तिथे हे रंग नीट दिसतच नाहीत. म्हणून बोल्टचा पांढरा भाग, घोड्याच्या कडा, आतले न रंगवलेले भाग बघायचे. धातूवर खवले सुटत असतील, खरबरीत राखाडी-काळी साल धरली असेल, तर पुढची तपासणी करण्याचं कारण उरत नाही. तिथे तापमान कित्येक शे अंश वर गेलं होतं.

रंग बघून पोलाद ओळखता येत नाही, याचा जुना पुरावा

अमेरिकी सैन्याच्या एम१९०३ स्प्रिंगफील्ड रायफलींची गोष्ट या विषयात प्रत्येकाला माहीत असायला हवी. सुरुवातीच्या काळात रिसीव्हर घडवताना आणि पाणी देताना तापमान कामगार डोळ्यांनी, तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ठरवत. उन्हाच्या दिवशी आणि ढगाळ दिवशी तोच रंग वेगळा दिसतो. काही रिसीव्हर जास्त तापले, ठिसूळ झाले, आणि पुढे काही झाडताना फुटले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ही गोष्ट उघडकीला आल्यावर पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या अनुक्रमांकांच्या रायफली आजही संशयित मानल्या जातात.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. निष्णात कामगारांनी, रोजच्या भट्टीसमोर, डोळ्यांनी केलेला अंदाज चुकला; मग थंड झालेल्या, काजळलेल्या बंदुकीकडे बघून आपण काय ओळखणार? आणि दुसरं, त्या संशयित रायफलींतल्या बऱ्याचशा वर्षानुवर्षं काही न होता झाडल्या गेल्या. जी फुटली तीही फुटण्याआधी चालतच होती.

कुठला भाग आधी जातो

लोक नळीची काळजी करतात. खरं तर नळी बहुधा शेवटी जाते. ४१४० सारख्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या पाणी दिल्यानंतर साधारण ५५० ते ६५० अंशांना परतवलेल्या असतात, त्यामुळे ३०० अंशांपर्यंतच्या तापाने त्यांची ताकद फारशी हलत नाही.

स्प्रिंगांचं नेमकं उलटं आहे. पियानो वायरच्या स्प्रिंगा साधारण १२० अंशांपर्यंतच्या कामासाठी असतात. त्यापुढे त्या हळूहळू बसतात, दोनशेच्या पुढे तर झपाट्याने. आगीतून निघालेल्या बंदुकीच्या सगळ्या स्प्रिंगा बदला, चांगल्या वाटल्या तरी. नव्या स्प्रिंगेशेजारी जुनी ठेवून लांबी बघा. जुनी आखूड झालेली असेल तर ते फक्त स्प्रिंगेचं नुकसान नाही, तिच्या शेजारच्या प्रत्येक भागाबद्दलची ती बातमी आहे. फायरिंग पिनची स्प्रिंग बोल्टच्या आत खोल असते. ती बसली असेल तर बोल्ट किती तापला हे वेगळं सांगायला नको.

सर्वात जास्त चिंता पृष्ठभाग कडक केलेल्या भागांची. जुन्या मॉझर ९८ धाटणीचे रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचे असतात. त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून वरची साल कडक केलेली असते आणि आत गाभा मऊ, चिवट. अशी साल साधारण १५० ते २०० अंशांनाच परतवलेली असते. त्याहून जास्त तापली की ती मऊ व्हायला लागते. मग बोल्टचे कान ज्या खांद्यांवर अडतात ते खांदे प्रत्येक झाडण्यासोबत किंचित दबत जातात. चेंबर आणि बोल्टमधलं अंतर, म्हणजे हेडस्पेस, वाढत जातं, आणि एक दिवस काडतुसाचं बूड तुटून उच्च दाबाचा वायू मागे येतो. घोडा आणि सिअर (चाप ओढेपर्यंत घोड्याला अडवून धरणारा भाग) यांच्या टेकणाऱ्या कडांचंही तेच. त्या मऊ पडल्या तर चापाचा ताण बदलतो, आणि पुढे आपटली किंवा बोल्ट जोरात बंद केला तरी बंदूक सुटू शकते. हे कानशीने घासून ‘नीट’ करायचं काम नाही.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमबद्दल माझं मत कडक आहे. ७०७५-टी६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला त्याची ताकद १२० अंशांवर साधारण २४ तास मुरवून मिळालेली असते. २०० अंशांच्या वर काही वेळ गेला तरी ती लक्षणीय उतरते आणि थंड झाल्यावर परत येत नाही. पोलादासारखे रंग ॲल्युमिनियम दाखवत नाही. वितळायला लागेपर्यंत ते बहुतेक तसंच दिसतं. विमानाच्या सुट्या भागांचं उष्णतेने झालेलं नुकसान तपासताना कडकपणासोबत विद्युतवाहकताही मोजतात, ती याच कारणासाठी. तशी मोजणी करून घेता येत नसेल तर संशयित ॲल्युमिनियम फ्रेम बाद. प्लास्टिकची फ्रेम थोडीही वाकलेली, आकसलेली, चकाकी बदललेली दिसली तर तीही बाद, आणि जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे भाग तर बिनशर्त.

कडकपणा मोजून घ्यावा का?

घ्यावा, पण त्याचा अर्थ नीट लावून. रॉकवेल चाचणीत पोलादावर ठरावीक भाराने टोक दाबतात आणि किती खोल रुतलं त्यावरून कडकपणाचा आकडा काढतात. रायफलची नळी सी मापावर साधारण २५ ते ३२ च्या घरात असते, कार्बन मुरवलेली साल ५८ ते ६२ च्या. आकडा याहून बराच खाली आला तर निर्णय झाला: पाणी उतरलं.

आकडा बरोबर आला किंवा जास्त आला तर मात्र लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. ८०० अंशांच्या वर तापलेल्या पोलादावर पाण्याचा फवारा पडला तर त्याला पुन्हा पाणी दिल्यासारखंच होतं, फक्त परतवणं राहून जातं. ४१४० सारखं पोलाद मग सी मापावर ५० च्या पुढे जातं. आकड्यावर ते भक्कम दिसतं, प्रत्यक्षात काचेसारखं ठिसूळ असतं. मऊ पडलेली नळी निदान फुगून थोडी सूचना देण्याची शक्यता असते. ठिसूळ झालेली तुकडे होऊन उडते.

मोजण्यातही चुका होतात. खूप तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन जळून जातो, त्यामुळे वरचा पातळ थर मऊ दाखवतो आणि आतलं वेगळंच असतं. पातळ कडक सालीवर नेहमीचा भार दिला तर टोक साल भेदून मऊ गाभ्यात जातं. तिथे हलक्या भाराचं, वरवरच्या मोजणीचं माप वापरावं लागतं. एका जागी मोजून भागत नाही: रिसीव्हरची नळी बसते ती कडी, बोल्टचे कान, नळीचा चेंबरजवळचा भाग, सगळीकडे मोजायला हवं. कानस लावून ‘सरकते का, चावते का’ हे बघण्याने ढोबळ अंदाज येतो, आणि तो बंदूक बाद करायला पुरेसा असतो. ती पास करायला नाही. एकूण पुरावा आणि आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत: आतलं लाकूड स्वच्छ, डाख शाबूत, स्प्रिंगांची लांबी बरोबर आणि कडकपणा जागच्या जागी. यातलं एकही विरोधात गेलं तर त्या एकाचंच ऐकावं.

‘दहा गोळ्या झाडल्या, काही झालं नाही’

हा सल्ला अजून फिरतो: बंदूक जुन्या टायरला बांधा, लांब दोरीने चाप ओढा, दोन-चार काडतुसं झाडा, टिकली तर ठीक. कृपया हे करू नका, आणि कुणी करून दाखवलं तरी त्यावर विसंबू नका. खांदे दबण्याची प्रक्रिया हळूहळू चालते. ठिसूळ पोलादात बारीक तडा वाढत जातो. पहिल्या दहा गोळ्या त्या तड्याला मोठं करण्याचंच काम करतात.

अधिकृत प्रूफ चाचणीही (मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस झाडून बघणं) या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही. सीआयपी या बंदुकांच्या चाचणीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत प्रूफ काडतूस कमाल दाबाहून निदान २५ टक्के जास्त दाबाचं असतं, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी ३० टक्के. ती चाचणी नीट पाणी दिलेल्या, नव्या बंदुकीत दोष राहिला का हे पकडायला आखलेली आहे. पाणी उतरलेली बंदूक त्या दिवशी ती पार करून पुढच्या मोसमात फुटू शकते. धातूची तपासणी आधी झालेली असेल तर प्रूफला अर्थ आहे, तिच्याऐवजी नाही.

तिजोरीतून निघालेली बंदूक

इथे चित्र बरंच आशादायक असू शकतं. बहुतेक अग्निरोधक तिजोऱ्यांच्या भिंतीत जिप्सम असतं. त्याच्या वजनाचा साधारण २१ टक्के भाग बांधलेलं पाणी असतं. तापल्यावर ते वाफ होऊन निघतं आणि उष्णता शोषून घेतं. त्यामुळे बंदुका वाचतात. पण तीच वाफ आत शिरते आणि आग विझल्यावर आत सगळं घामाघूम होतं. कितीतरी लोक तिजोरी आठवडाभर उघडतच नाहीत आणि मग गंजाचा ढीग काढतात.

मात्र गरम असताना उघडायचीही नाही. आत तापलेले कागद, कापड, लाकूड असेल तर हवा मिळताच पेटू शकतं. बाहेरून हात लावता येईल इतकी थंड झाली की लगेच उघडा आणि वर सांगितल्याप्रमाणे धुणं-वाळवणं-तेल सुरू करा.

यूएल ७२ या अमेरिकी अग्निचाचणी मानकाच्या ३५० श्रेणीच्या तिजोरीत आतलं तापमान ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १७७ सेल्सियसच्या खाली राहावं लागतं. ही श्रेणी कागदपत्रांसाठी आहे. बंदुकांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक तिजोऱ्यांवरचा आगीचा दावा कंपनीने स्वतःच्या चाचणीवरून केलेला असतो. आणि १७७ ही मर्यादा पाळली गेली तरी दारू पेटण्याच्या तापमानाच्या ती वर आहे, स्प्रिंगा आणि ७०७५ ॲल्युमिनियमच्या सहनशक्तीच्याही वर. आतली काडतुसं फुटलेली नाहीत, प्लास्टिकचे डबे वाकलेले नाहीत, कागद तपकिरी झालेले नाहीत, तर परिस्थिती उत्तम. आतला कागद करपलेला असेल तर तिजोरीचं नाव कितीही मोठं असो, बंदुकीची तपासणी बाहेरच्या बंदुकीसारखीच करा.

निर्णय

महत्त्वाच्या कुठल्याही भागाने १५० अंश ओलांडले नाहीत असं साक्षीदारांवरून ठामपणे म्हणता येत असेल, तर तुमचा प्रश्न गंजाचा आहे. स्वच्छता, नव्या स्प्रिंगा, नळीतले खड्डे बघणं, हेडस्पेस गेजने मोजणं, आणि मग कारागिराच्या हातून परत वापरात. १५० ते ३०० च्या मधली बंदूक फक्त अशाच कारागिराकडे न्यावी जो धातूची तपासणी करून घेतो आणि लेखी मत देतो. ॲल्युमिनियमची असेल तर तिच्यावर खर्च करू नये असं मला वाटतं. रिसीव्हर किंवा बोल्टने ३०० च्या वर तापमान पाहिल्याची एकही खूण असेल, किंवा काय झालं हे कळायला मार्गच नसेल, तर ती बंदूक पुन्हा कधीही झाडायची नाही. मधल्या गटातल्या बंदुकांबद्दल कुणी माझ्याहून सैल असेल. चेहरा आणि डोळे ज्याचे, त्याने ठरवावं, पण शेजारी उभ्या असलेल्यांचाही विचार करून.

‘पुन्हा पाणी देऊन घेतलं तर?’ हे बऱ्याचदा विचारलं जातं. तत्त्वतः शक्य आहे. व्यवहारात नेमकं कुठलं पोलाद आहे हे माहीत नसतं, तापवताना रिसीव्हर वाकतो, बोल्टचे कान सारखे टेकेनासे होतात, आणि पृष्ठभागातून जळून गेलेला कार्बन परत येत नाही. बहुतेक निर्माते अशा कामाला हातही लावत नाहीत. आठवण म्हणून जपायची असेल तर तुमच्या इथल्या कायद्याप्रमाणे ती कायमची निकामी करून घ्या, म्हणजे पुढे कुणी त्यात काडतूस घालूच शकणार नाही. नातवाने पन्नास वर्षांनी ती माळ्यावरून काढली तर तिच्यासोबत काय झालं होतं ते त्याला सांगणारं कुणी नसेल. ‘आगीत गेलेली, झाडू नये’ अशी तारखेसह चिठ्ठी आणि तेव्हाचे फोटो तिच्यासोबतच ठेवा.

मोडीत काढत असाल तर बोल्ट, ट्रिगरचा संच, रिसीव्हर असे भाग सुटे विकू नका. ब्लूइंग करून चमकवलेला, पाणी उतरलेला बोल्ट विकत घेणाऱ्याला ओळखता येणार नाही. अनुक्रमांक घासायचा नाही, नवा ठोकायचा नाही. जिथे परवाना लागतो तिथे परवाना देणाऱ्या कार्यालयाला आगीची आणि मोडीत काढल्याची लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. आणि जुनी बंदूक विकत घेताना कोऱ्या ब्लूइंगखाली खड्डेदार धातू, नवा दस्ता आणि नव्या स्प्रिंगा असं एकत्र दिसलं, तर विकणाऱ्याला सरळ विचारा: ही आगीतून आली आहे का?